नमुना क्रमांक सतरा

जानेवारी. रिवणच्या पुढे, बंद खणीच्या फाटकापाशी
सांतान जीप उभी करतो.
इथून पुढचा रस्ता रस्ता नाही,
डंपरांनी दाबून दाबून केलेली वीट आहे.
उतरतो आम्ही. मी, ऑगर, कापडी पिशव्यांची चळत,
पेन्सिल, कारण शाई दवात पसरते,
आणि पुनो वेळीप, रोजंदारीवर, टिकाव खांद्यावर घेऊन.
ह्याच उतारावर त्यानं अकरा वर्षं डंपर चालवला.

नकाशावर चौकोन आखलेत पन्नास मीटरचे.
नकाशाला वाटतं, डोंगर सपाट असतो.
एका चौकोनात नऊ ठिकाणी टोचायचं, नागमोडी चालत,
आधी पंधरा सेंटिमीटर, मग तीस.
ऑगर तीन बोटं जातो नि कुरकुरतो.
ही माती नव्हे, चुरा.
पाण्यानं भिजवून अंगठ्यानं पट्टी ओढावी
तर नखाएवढी होते आणि तुटते.
रंगांचं पुस्तक उघडते : गर्द तांबडा.
पुढच्या चौकोनात : गर्द तांबडा.
गांडुळं शून्य. मुळं अकेशियाची, उथळ.
सरकारी झाडं ती,
खुर्चीच्या कडेवर टेकलेल्या पाहुण्यासारखी.

नऊ टोचण्यांची माती गोणपाटावर ओतायची,
कालवायची, ढीग करायचा, ढिगाचे चार भाग,
समोरासमोरचे दोन फेकायचे,
उरलेले पुन्हा कालवायचे, पुन्हा चार,
पुन्हा दोन फेकायचे, अर्धा किलो उरेस्तोवर.
"आमच्या घरच्या वाटण्या अशाच झाल्या, बाय,"
पुनो म्हणतो आणि हसतो.
मी पिशवीची दोरी आवळते.

सतरावा चौकोन डंपच्या पायथ्याशी.
तिथं गेल्या काही पावसाळ्यांनी
पुरुषभर खोल घळ पाडलीय.
ऑगर बाजूला ठेवते, खुरप्यानं भिंत तासत जाते.
वर दगडगोटे. मग गुलाबी चिकण, साबणासारखी.
मग फुटका जांभा.
त्याच्याखाली, गुडघ्याच्या उंचीवर,
वीतभर रुंदीची काळी रेघ.

ओलसर. बोटांना मऊ.
पट्टी ओढली तर दोन इंच निघते आणि लोंबते.
रंगांच्या पुस्तकात आज पहिल्यांदाच
तांबडं पान उलटावं लागतं.
काळ्यात काहीतरी चुरचुरतं. कोळसा, ज्वारीच्या दाण्याएवढा.

पुनो टिकाव खाली ठेवतो.
"कुमेर," म्हणतो. मला नाही, घळीला.
"झाडी तोडून जाळायचे आमचे, आणि नाचणी पेरायचे.
वर, तिथं."
बोट दाखवतो ती जागा आता हवेत आहे.

मग बराच वेळ काही नाही. खाली सांतान हॉर्न वाजवतो, जेवण.

"आधी वरची माती काढतात," पुनो सांगू लागतो,
"म्हणून ती पहिली खेप. पहिली ओतली म्हणून तळाला.
मग जांभा, मग चिकण. खनिज गेलं बार्जनं.
डोंगर उपडा घातलाय, बाय,
घासलेलं भांडं पालथं घालतात ना, तसा.
गाडी नवी होती माझी. खेपेला तीस रुपये."

माझ्या तक्त्यात थराची खोली आहे, पोत आहे, सामू आहे.
पालथ्या डोंगराला रकाना नाही.
शेऱ्यात लिहिते : मूळ वरचा थर, पुरलेला.
लिहून खोडते, पुन्हा तेच लिहिते.

"अशी एक वीत व्हायला किती दिवस लागतात?"
दिवस नाही, शतकं, मी सांगते.
"आणि हीच उकरून वर पसरली तर?"
मी मान वर करते. हाच तर माझ्या अहवालाचा शेवटचा धडा,
अजून न लिहिलेला.
पण कुठं उकरायचं? डंप चाळीस एकर.
ऑगरनं शोधायला दोन वर्षं, आणि पैसे मार्चपर्यंतच.

पुनो चपला काढून डंपच्या कडेनं निघतो.
थांबतो. पाठ करतो.
मान डाव्या खांद्यावर वळवून, एक हात हवेत धरून
उलटा चालू लागतो, हळूहळू,
गाडी मागे घेताना आरशात बघत घ्यायचा तशी.
टाच अडते तिथं उभा राहतो.
"इथं एक."
पुन्हा पुढं येतो, वळतो, मागे जातो.
"इथं मे महिन्यातल्या सगळ्या."

जेवण राहिलंय. पेन्सिलीचं टोक बोथट झालंय.
मी त्याच्या मागोमाग, नाही, त्याच्या समोर चालते आहे,
नकाशावर फुल्या मारत.